पर्सनल की बॅच? शिकवणी सुरू करण्याआधी मांडायचा हिशेब

मे महिन्यात ओळखीतली एक मुलगी घरी आली. एम.एस्सी. झालेली, लग्न होऊन नुकतीच सांगलीत आलेली. दहावीच्या गणिताच्या शिकवण्या सुरू करायच्या म्हणत होती आणि एक गाळाही बघून ठेवला होता. "मॅडम, बॅचच घ्यायची ना? पर्सनलमध्ये काय सुटतं?" पर्सनल म्हणजे एका वेळी एकच मूल, बॅच म्हणजे सगळ्यांचा एकत्र वर्ग.

मी आधी चहा टाकला आणि मग तिला माझं पहिलं वर्ष सांगितलं. अकरा महिन्यांचा करार, तीस मुलं बसतील एवढी जुनी बाकडी, आणि जून संपताना वर्गात नऊ मुलं. बोलले की आवाज घुमायचा. बाकडी पुढच्या वर्षी निम्म्या किमतीत गेली, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेले. चूक बॅच घेण्यात नव्हती. मुलं कोण येणार हे कळायच्या आधी मी त्यांना बसवायची जागा ठरवली होती.

तिच्याशी जे बोलले ते इथं सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं शालेय गणिताची आणि सांगली-मिरजेएवढ्या गावातली आहेत. पुण्या-मुंबईत फीचे आकडे वेगळे पडतील, मांडायची रीत तीच राहील. इंग्रजी, विज्ञान, हार्मोनियम काहीही शिकवत असलात तरी ती वापरता येते.

पायरी १ : दहा प्रश्नांचा कागद

नवीन माणूस फीपासून सुरुवात करतो. मी चुकांपासून करायला सांगते. पर्सनल की बॅच हे समोरच्या मुलांच्या अडचणी एकमेकांसारख्या आहेत की नाहीत, यावर ठरतं. वीस मुलं एकाच ठिकाणी अडत असतील तर तीच गोष्ट वीस घरी जाऊन सांगण्यात अर्थ नाही. वीस जण वीस ठिकाणी अडत असतील तर फळ्यापुढे उभं राहून तुम्ही कितीही छान शिकवा, त्यातल्या एकोणिसांना ते त्या क्षणी नको असतं.

म्हणून प्रत्येक नव्या मुलाला मी अर्ध्या तासाचा एक कागद देते. दहा प्रश्न. पहिले सहा पाचवी ते आठवीचे: उणे सातातून उणे तीन वजा केले तर किती? दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश किती? २४० चे १५ टक्के किती? तीन गुणिले कंसात क्ष वजा दोन, बरोबर दोन क्ष अधिक पाच, तर क्ष किती? अशा धर्तीचे. उरलेले चार नववीचे: एक बहुपदीचा, एक समांतर रेषांचा, एक निर्देशक भूमितीचा आणि एक शाब्दिक उदाहरण.

तपासताना नुसती फुली मारू नका, चूक कोणत्या जातीची आहे ते शेजारी लिहा. अपूर्णांकांच्या बेरजेचं उत्तर पाच सप्तमांश काढणारा मुलगा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो आहे. उणे सातातून उणे तीन वजा करून उणे दहा लिहिणारी मुलगी दुसरं उणे चिन्ह वाचतच नाही. या दोघांना एका बाकावर बसवून वर्गसमीकरणाचं सूत्र शिकवा. दोघंही सूत्र पाठ करतील, दोघंही गणित चुकतील, आणि चुकतील ते वेगवेगळ्या ओळींवर. पंधरा जणांच्या बॅचमध्ये तुम्हाला फक्त चुकलेलं उत्तर दिसेल, ओळ दिसणार नाही.

माझा ठोकताळा असा. पहिल्या सहांत तीन किंवा जास्त चुका असतील तर त्या मुलाला सहा ते आठ आठवडे पर्सनलच लागते. पहिले सहा नीट आणि गाडी शेवटच्या चारांत अडत असेल तर तो बॅचचा मुलगा, त्याला एकट्याला शिकवून तुम्ही त्याच्या घरच्यांचे पैसे उगाच घेता.

आणखी एक जात असते. सगळं येतं, पण वर्गात तोंड उघडत नाही. अशा मुलासाठी पालक हटकून पर्सनल मागतात. माझा अनुभव उलटा आहे. एकटा असला की तो मोठ्या माणसाच्या नजरेखाली आणखी आवळला जातो, "कळलं?" म्हटलं की मान हलवतो आणि विषय संपतो. त्याच्याच वयाची तीन मुलं शेजारी असली आणि त्यातल्या एकाने आधी मूर्ख प्रश्न विचारला, की याचा प्रश्न बाहेर येतो. वर्गात एक बिनधास्त मुलगा असणं ही मोठी सोय आहे, त्याला गप्प करू नका.

पायरी २ : संध्याकाळचे तास मोजा

आता पैशाकडे. शाळा सुटून मुलं पाचपर्यंत घरी येतात, आणि नऊनंतर कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. सोमवार ते शनिवार रोज चार तास धरले तर आठवड्याला २४ तास मिळतात. तुमची एवढीच शेती. पेपर तपासणं, तयारी, पालकांचे फोन ही कामं सकाळी होतात, शिकवणं मात्र या २४ तासांतच बसवायचं.

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा.

पर्सनल, मुलाच्या घरी जाऊन. आठवड्यात तीन दिवस एक-एक तास, महिन्याला ३,००० रुपये. शिकवण्याचे १२ तास. विश्रामबागेतून गावभागात जायचं-यायचं, गाडी लावायची, "बसा मॅडम, जेवतोय तो" म्हणून दहा मिनिटं थांबायचं, असे प्रत्येक वेळचे ४० मिनिटं धरा, म्हणजे महिन्याचे ८ तास. तयारी आणि घरच्यांशी बोलणं २ तास. एकूण २२ तासांचे ३,००० म्हणजे तासाला १३६ रुपये, पेट्रोल वेगळं.

पर्सनल, मुलगा तुमच्या घरी. जाण्या-येण्याचे ८ तास वाचले. १४ तासांचे ३,०००, तासाला २१४.

बॅच, भाड्याच्या खोलीत. ८०० रुपये फी, महिन्यातले २२ दिवस दीड-दीड तास, म्हणजे ३३ तास. तयारीचे ६. आठवड्याला चाचणी घेतली तर एक पेपर तपासायला दहा मिनिटं, म्हणजे मुलामागे महिन्याला ४० मिनिटं, आणि पालकाशी बोलायला १५ मिनिटं. खोलीचं भाडं ३,०००, झेरॉक्स-खडूचे मुलामागे ५०. बारा मुलं असतील तर हातात ६,००० आणि तास ५०. तासाला १२० रुपये. म्हणजे गाडी काढून घरोघर जाण्यापेक्षाही कमी! पंधरा मुलं झाली की १५६ पडतात, वीस झाली की २०९. थोडक्यात, वीस मुलांची भरलेली बॅच तासाला तेवढंच देते जेवढं तुमच्या घरी सोप्यात येऊन बसलेला एकटा मुलगा देतो.

हे मी त्या मुलीला कागदावर करून दाखवलं तेव्हा तिने दोनदा बेरीज तपासली. बॅचचे पैसे सगळ्यांना दिसतात, तपासायच्या गठ्ठ्याचे तास कोणाला दिसत नाहीत.

मग लोक बॅच का घेतात? कारण वरची मर्यादा वेगळी आहे. २४ तासांत घरी येणारे आठ पर्सनल मुलगे-मुली बसतात, म्हणजे २४,०००. मुलांच्या घरी जाणार असाल तर जेमतेम पाच जण, १५,०००. वीस-वीसच्या दोन बॅच केल्यात तर एकच भाडं आणि झेरॉक्स वजा जाऊन २७,००० हातात येतात. पंधरा-पंधराच्याच राहिल्या तर १९,५००.

आकडे जवळजवळ आले की मग दुसऱ्या दोन गोष्टी बघायच्या. पहिली, मुलं मिळणं. महिना ३,००० देणारी आठ घरं एका गावात शोधणं आणि ८०० देणारी चाळीस शोधणं, यातलं तुमच्या वस्तीत काय सोपं आहे? विश्रामबागेत डॉक्टर-इंजिनिअर पालक आहेत, कुपवाडला एमआयडीसीत पाळीने जाणारे आहेत. दोघांचीही मुलं हुशार असतात, पण पाकीट सारखं नसतं. दुसरी, मूल सोडून जाण्याचा धक्का. पर्सनलचा एक विद्यार्थी गेला की तुमच्या उत्पन्नाचा आठवा हिस्सा एका फोनवर जातो, आणि तो फोन बहुधा सप्टेंबरमध्ये येतो, जेव्हा नवीन कोणी येत नसतं. बॅचमधला एक गेला तर ८०० जातात.

पायरी ३ : मधली वाट, पाच जणांचा गट

आता तो आकडा, जो मला पहिल्या वर्षी कोणी सांगायला हवा होता. स्वतःच्या घरी पाच मुलं, आठवड्यात तीन दिवस दीड तास, प्रत्येकी १,५०० रुपये. भाडं नाही. झेरॉक्स जाऊन ७,२५०. शिकवणं १८ तास, तयारी ३, तपासणी आणि फोन साडेचार. तासाला २८० च्या वर. असे पाच गट घेतले तर आठवड्याचे साडेबावीस तास जातात.

पाच जणांत प्रत्येकाची वही तुम्हाला दिसते, म्हणजे पायरी १ मधली ती ओळ दिसते. आणि पाच जण असल्यामुळे एकाची चूक दुसरा पकडतो, जे पर्सनलमध्ये होत नाही.

मग सगळे हेच का करत नाहीत? एक म्हणजे हा गट ठिसूळ असतो. पाचातले दोघं गेले की साडेचार हजारांत तुम्ही तेवढाच वेळ देत राहता. दुसरं, गट जुळवावा लागतो. दहा प्रश्नांच्या कागदावर ज्यांच्या चुका एका जातीच्या आहेत तेच एकत्र बसवायचे. शेजारणीच्या आग्रहाखातर "दोघी मैत्रिणी आहेत, एकत्रच घ्या" केलंत की एकीला सगळं येतं आणि दुसरी तिची वही उतरवते. तिसरं कारण कोणी बोलत नाही: तोच धडा आठवड्यात पाच वेळा शिकवावा लागतो. पाचव्या वेळी तुम्हाला तो इतका पाठ झालेला असतो की मधली पायरी बोलायची राहून जाते, आणि शुक्रवारच्या गटाची वर्गसमीकरणाची पूर्ण वर्ग पद्धत नेहमी कच्ची राहते. मी आता फळ्याच्या कोपऱ्यात पायऱ्यांची यादी आधी लिहून घेते, पाचव्या गटालासुद्धा.

पहिल्या वर्षी माझा सल्ला म्हणाल तर असा: गाळा घेऊ नका. घरात पाच-पाचचे दोन गट आणि दोन-तीन पर्सनल, एवढ्यावर जून ते फेब्रुवारी काढा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. जिन्यातल्या चपला आणि गेटजवळच्या सायकली हे भांडणाचं पहिलं कारण असतं. वर्षाअखेर तुमच्या वहीत चुकांची यादी तयार असेल. त्यातल्या ज्या चुका निम्म्याहून जास्त मुलांनी केल्या, त्यांच्यावर मोठी बॅच उभी राहू शकते.

पर्सनल म्हणजे चांगलीच, असं नाही

पर्सनल चांगलीच, असा पालकांचा समज असतो आणि त्याला आधारही आहे. बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये मांडलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: एका शिक्षकामागे एक विद्यार्थी अशा पद्धतीने शिकलेला सरासरी मुलगा तीस जणांच्या नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. याला "दोन सिग्मा" म्हणतात, म्हणजे सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं पुढे. क्लासच्या जाहिरातीत हे वाक्य वापरायचा मोह होतो. पुढे २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा माणसाने दिलेल्या वैयक्तिक शिकवणीचा परिणाम दोन नाही, ०.७९ सिग्मा निघाला. तोही कमी नाही, पण जाहिरातीतला नाही.

ब्लूम यांच्याच मांडणीतला दुसरा आकडा मात्र कोणी सांगत नाही, आणि तो आपल्या कामाचा आहे. त्यांनी तिसरा एक वर्ग घेतला होता, तोही तीसचाच. तिथे धडा झाला की चाचणी, चुका दुरुस्त करून घेणं, आणि पक्कं झाल्यावरच पुढे जाणं, एवढाच फरक होता. त्या वर्गातला सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या ८४ टक्के मुलांच्या पुढे गेला, म्हणजे एक सिग्मा. म्हणजे अर्धी वाट चाचणी आणि दुरुस्तीनेच कापली, एकेकट्याला शिकवावं न लागता.

यातून मी एक नियम केला. बॅच घ्यायची तर आठवड्याची चाचणी आणि सोमवारी दुरुस्तीचा अर्धा तास यांना हात लावायचा नाही, अभ्यासक्रम मागे पडला तरी. तपासायला वेळ नाही म्हणून चाचणी बंद करणारी बॅच म्हणजे शाळेचाच आणखी एक तास, फक्त संध्याकाळी. दहावीला गणिताचे दोन पेपर असतात, भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुणांचे, आणि २० गुण अंतर्गत. त्यामुळे चाचण्याही आलटून-पालटून घ्या. बीजगणितात रमणारे मास्तर भूमिती जानेवारीवर ढकलतात, आणि समरूपता जानेवारीत शिकवायचा विषय नव्हे.

पायरी ४ : नियम आधी, दया नंतर

पर्सनलमधली सगळ्यात मोठी गळती म्हणजे रद्द झालेले तास. गणपती, पाहुणे, मावशीच्या मुलीचं लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन. बॅच कोणासाठी थांबत नाही, पर्सनल प्रत्येकासाठी थांबते. म्हणून पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून द्या: दुपारी बारापर्यंत कळवलं तर तो तास भरून मिळेल, महिन्यातून जास्तीत जास्त दोन वेळा. नंतर कळवलं तर तास झाला असं धरलं जाईल. तुम्ही स्वतः रद्द केलात तर मात्र न विचारता भरून द्या.

फी पाच तारखेच्या आत, आगाऊ. यूपीआयवर घेतली की तारखेचा वाद उरत नाही. बॅचला वर्षाची फी सांगा, पण हप्त्यांत घ्या, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत कसे मिळतील तेही त्याच कागदावर लिहा. हे लिहिलेलं असलं की पालकाला पैसे अडकल्याची भीती राहत नाही, आणि तुम्हाला भीड पडत नाही.

एकट्या मुलाला शिकवताना बाहेरच्या खोलीत बसा, दार उघडं ठेवा, घरात दुसरं मोठं माणूस हवं. मुलाच्या घरी जात असाल तरी हेच. मुलाच्या आणि तुमच्या दोघांच्याही दृष्टीने हा नियम आहे, त्यात कोणावर अविश्वास नाही. "आम्ही जरा बाहेर जाऊन येतो मॅडम" म्हणणाऱ्या पालकांना मी हसत सांगते, "मग उद्या घेऊ."

ऑनलाइनबद्दल थोडंच. गूगल मीटच्या मोफत खात्यावर दोघांच्याच बैठकीला वेळेची अडचण येत नाही, तिघं किंवा जास्त झाले की एका तासाला बैठक तुटते. झूमच्या मोफत खात्यावर मर्यादा ४० मिनिटांची आहे, दोघांच्या बैठकीलासुद्धा. म्हणजे पर्सनल मीटवर फुकटात चालते, गटाला दीड तास हवा असेल तर पैसे मोजा नाहीतर मध्ये पाणी प्यायची सुट्टी द्या. २०१९ च्या महापुरात गावभागातली आमची मुलं नातेवाइकांकडे विखुरली होती. तेव्हा यातलं काही करता येतं हे सुचलंही नव्हतं, आता पावसाळ्यात मी लिंक तयार ठेवते. पण रेषीय समीकरणाचा आलेख काढताना मुलाचा हात दिसावा लागतो, कॅमेऱ्यात कपाळ दिसतं.

पायरी ५ : कागदपत्रं

हे पटकन. तुम्ही शाळेत शिक्षक असाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २८ प्रमाणे खाजगी शिकवणी घेता येत नाही. नसाल तर पुढे चला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि खाजगी कोचिंगवर १८ टक्के दर आहे. दहावीच्या "अर्थनियोजन" प्रकरणात आपण हाच कर मुलांना शिकवतो, तेव्हा स्वतःच्या बाबतीत अज्ञान सांगता येणार नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ५० हून जास्त विद्यार्थी असलेली शिकवणीच "कोचिंग" धरली आहे, विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे. अंमल राज्यांकडे आहे. घरात वीस-पंचवीस मुलं घेणाऱ्याला आज त्याची झळ नाही, पण तिसऱ्या बॅचची स्वप्नं पाहताना ५० चा आकडा आणि एक चौरस मीटर लक्षात असू द्या. तो एक मीटर कायदा नसला तरी पाळावा. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात दाटीवाटीने बसलेल्या मुलांना त्रिकोणमिती कळत नाही.

पायरी ६ : पालकांशी बोलणं

पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, पर्सनल अटेन्शन मिळेल ना?" याला "हो हो, नक्की" म्हणू नका, सगळेच म्हणतात. दहा प्रश्नांचा कागद समोर ठेवा.

"काकू, हे बघा. अपूर्णांकात तीन ठिकाणी एकच चूक आहे. ही दोन महिन्यांत जाते. तोवर एकट्याला घेते."

"आणि मग?"

"मग गटात. तिथे फी निम्मी होईल."

इथे बहुतेक आया थबकतात. फी कमी करायची गोष्ट शिकवणीवाली स्वतःहून काढते हे त्यांना खरं वाटत नाही. वडील असले तर दुसरा प्रश्न येतो: "मग आत्ताच गटात का नको?" तेव्हा पुन्हा कागद. त्या गटातल्या मुलांना हे प्रश्न आले आहेत, याला आलेले नाहीत, तो रोज मागे पडेल आणि दिवाळीपर्यंत येणं बंद करेल.

कधी उलटही असतं. नव्वदच्या पुढचा मुलगा, घरी पैसा, पालकांना पर्सनलच हवी. स्पष्ट सांगा की याला तुमची गरज आठवड्यातून एकदा आहे, तीनदा नाही. तेवढ्याची फी घ्या. आठ जागांपैकी एक अडवून बसणाऱ्या, तुमच्याशिवायही गणित जमणाऱ्या मुलापेक्षा ती जागा अपूर्णांकवाल्याला द्या.

"बॅचमध्ये किती मुलं?" याचा आकडा खरा सांगा आणि तो ओलांडू नका. पंधरा सांगून ऑगस्टमध्ये बावीस केलेत तर पहिले पंधरा पालक एकमेकांना ओळखतात, हे विसरू नका.

पायरी ७ : दिवाळीनंतर पुन्हा मांडणी

पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीआधी होते. निकालाचे पेपर मागवून घ्या, झेरॉक्स चालेल, आणि जूनच्या कागदाशेजारी ठेवा. पर्सनलमधल्या ज्यांच्या जुन्या चुका गेल्या त्यांना गटात आणा. गटातला एखादा अजून उणे चिन्हाशी झगडत असेल तर त्याला महिनाभर बाजूला काढा, गटाची फी तीच ठेवून शनिवारी एक तास. जानेवारीत प्रिलिम असते, त्यानंतर हलवाहलव करायची नाही. मुलं आधीच घाबरलेली असतात.

पर्सनलमधून गटात आलेल्या मुलाचा पहिला आठवडा अवघड जातो. आतापर्यंत तो अडला की तुम्ही थांबत होता, आता त्याला स्वतः हात वर करावा लागतो. पहिल्या दिवशी त्याला असं उदाहरण फळ्यावर सोडवायला द्या जे त्याने तुमच्याकडे एकट्याने आधीच सोडवलं आहे. आणि त्याला कोणाशेजारी बसवायचं ते त्याच्यावर सोडू नका. सगळ्यात हुशार मुलीशेजारी तर मुळीच नको. जो त्याच्याच वेगाने लिहितो आणि विचारायला लाजत नाही, त्याच्याशेजारी बसवा.

ती मे महिन्यातली मुलगी गाळ्याचं टोकन परत घेऊन आली. आता तिच्याकडे एक पाच जणांचा गट आहे, दुसऱ्यात तिघं आहेत, आणि त्यातल्या चौथ्या मुलासाठी ती परवा मला विचारत होती की सेमी-इंग्रजीचा मुलगा मराठी माध्यमाच्या गटात चालेल का. गणित दोन्हीकडे तेच, पण "छेद" म्हटलं की तो पोरगा बावरून बघतो. दोन आठवडे दोन्ही शब्द बोलून बघ म्हटलं, नाही जमलं तर वेगळा घे.